दस्ता, रीम आणि फर्मा

शाळेच्या वह्या घरी शिवायचा रिवाज होता तेव्हा कोरा कागद दस्त्यावर मिळे. एक दस्ता म्हणजे 24 ताव; असे 20 दस्ते म्हणजे एक रीम, 480 ताव.

दस्ता हा शब्द फारसी. 'दस्त' म्हणजे हात. हातात मावेल तेवढी जुडी तो दस्ता. विशेष म्हणजे कागदाच्या याच मापाला फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीजमध्येही 'हात' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'मानो'. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. कागद करण्याची विद्या युरोपात गेली ती अरबांकडून. बाराव्या शतकात स्पेनमधल्या शातिवाचा कागद नावाजलेला होता. मालाबरोबर मोजमापही प्रवास करतं. रीमचा प्रवास तर उघडच दिसतो: अरबी 'रिज्मा' म्हणजे गठ्ठा, स्पॅनिशमध्ये 'रेस्मा', पुढे फ्रेंचमधून इंग्रजीत 'रीम' आणि इंग्रजीतून मराठीत. दस्ता फारसीतून आला, रीम युरोपला वळसा घालून; दोघं एकाच दुकानात भेटले.

इंग्रजीत दस्त्याला 'क्वायर' म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ 'चार-चार'. चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानं, म्हणजे 16 पृष्ठं होतात. युरोपातली हस्तलिखितं अशा जुड्या शिवून बांधत. पुढे तोच शब्द 24 तावांसाठीही रुळला, त्यामुळे इंग्रजीत त्याचे दोन अर्थ झाले. मराठी छापखान्यात हा घोटाळा नाही: मोजायला दस्ता, बांधायला फर्मा, म्हणजे एका तावावर छापून दुमडलेली 16 पृष्ठांची जुडी.

फर्म्याची रचना पाहण्यासारखी असते. तावाच्या एका बाजूला आठ पृष्ठं, दुसऱ्या बाजूला आठ. तीन घड्या घातल्या की ती क्रमाने लागतात. घडी घालण्याआधी मात्र 1 च्या शेजारी 16 असतो, 4 च्या शेजारी 13. अशा जोडीची बेरीज दर वेळी 17 यायला हवी. नाही आली तर मांडणी चुकली.

रीम आता 500 तावांचा झाला आहे. 160 पृष्ठांचं पुस्तक म्हणजे दहा फर्मे. हजार प्रतींना 10,000 ताव लागतात, म्हणजे नेमके 20 रीम. वाया जाणारा कागद वेगळा. जुन्या 480 च्या हिशेबाने तेवढ्याच रिमांत 400 ताव कमी पडले असते.