टॅपिंगचे बिंदू आले कुठून?

टॅपिंग म्हणजे त्रास देणारी भावना मनात धरून चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या ठराविक बिंदूंवर बोटांनी हलकेच टकटक करणं. त्याची सुरुवात झाली ती पोटात ढवळण्याच्या तक्रारीपासून. 1980 च्या सुमाराची गोष्ट. कॅलिफोर्नियात रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञाकडे पाण्याला विलक्षण घाबरणारी एक बाई उपचार घेत होती. कॅलहनच्या लिखाणात तिचं नाव मेरी. वर्षाहून जास्त काळ नेहमीचे उपचार झाले, तरी पोहण्याच्या तलावाच्या काठाशी कसंबसं बसणं, एवढीच तिची मजल. एकदा ती म्हणाली, पाण्याचा विचार जरी आला तरी पोटात कसंतरीच होतं. कॅलहन तेव्हा ॲक्युपंक्चर वाचत होता. चिनी वैद्यकानुसार जठराशी जोडलेल्या वाहिनीचा (शरीरातली ऊर्जा जिथून वाहते असं मानतात, त्या मार्गाचा) पहिला बिंदू बरोबर डोळ्याखालच्या हाडावर येतो. तिथे बोटांनी टॅप कर, असं त्याने तिला सांगितलं. थोड्याच वेळात ‘गेलं ते!’ म्हणत ती तलावाकडे धावली, असं कॅलहन सांगत असे. ही हकिकत त्याच्याच तोंडची आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

त्या दिवशी मेरी पोटाऐवजी छातीत धडधडतं म्हणाली असती, तर कॅलहनने कदाचित दुसरीकडेच टॅप करायला लावलं असतं.

कॅलहनने ज्यांच्या कल्पनांवर पुढे इमारत उभारली, ते आधीचे दोघे थोडक्यात. डेट्रॉइटचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने कणा आणि सांधे बसवणारा, जॉर्ज गुडहार्ट याने 1964 मध्ये स्नायूंची ताकद चाचपून शरीरातले बिघाड ओळखण्याची पद्धत काढली. मूळचा ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन डायमंड याने त्यात भावना आणल्या: अमुक वाहिनी म्हणजे अमुक भावना. या दोन्ही गोष्टींना भक्कम पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

कॅलहनने त्यावर ‘थॉट फील्ड थेरपी’ उभारली. तिचा सगळा भर क्रमावर. साध्या भीतीसाठी आधी डोळ्याखाली, मग काखेखाली, मग गळपट्टीच्या हाडापाशी. पण भीती कोळ्याची असेल तर सुरुवात काखेखालून. फोनवरच्या आवाजावरून प्रत्येकाचा क्रम ओळखण्याचं तंत्रही त्याने काढलं, आणि ते शिकवण्याची फी होती तब्बल एक लाख डॉलर.

गॅरी क्रेग हा त्याचाच शिष्य. स्टॅनफर्डमधून इंजिनियर झालेला. त्याने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गुरूचा क्रम सरळ निकालात काढला: कुठल्या भावनेला कुठला बिंदू हे शोधत बसण्यापेक्षा सगळेच बिंदू टॅप करा, हवा तो त्यात येऊन जाईल. हीच ‘ईएफटी’, म्हणजे ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक्स’. तिचं मॅन्युअल त्याने फुकट वाटलं आणि इंटरनेटने ते जगभर नेलं.

आज ती करतात कशी, ते शिसारीच्या, म्हणजे किळस येण्याच्या, उदाहरणावर पाहू; मेरीची तक्रारही पोटातलीच होती. समजा, मोरीत झुरळ दिसलं तरी एखादीला उमासे येतात. आधी ती त्रासाला 0 ते 10 मध्ये आकडा देते. ही मोजपट्टी वर्तनोपचारांच्या जोसेफ वोल्पेकडून आलेली आहे. मग तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर टॅप करत म्हणते, ‘झुरळाच्या नुसत्या आठवणीने मला मळमळतंय, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते.’ त्यानंतर भुवईची आतली कड, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीची खळी, गळपट्टीचं हाड, काखेखाली आणि टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा टॅप आणि तोंडाने ‘ही शिसारी’ एवढंच. फेरी संपली की पुन्हा आकडा.

बिंदूंचा क्रम गेल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला: मग बिंदू तरी हवेतच कशाला? 2003 मध्ये कॅनडातल्या वेट आणि होल्डर यांनी 119 विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाला खरी ईएफटी, दुसऱ्याला भलत्याच जागी टॅपिंग, तिसऱ्याला चक्क बाहुलीला टॅप करायला लावलं. तिन्ही गटांची भीती सारखीच उतरली. चौथ्या, कसलंच टॅपिंग न केलेल्या गटाची नाही. समर्थक म्हणाले, बाहुलीला टॅप करतानाही बोटांच्या टोकांवरचे बिंदू दाबले जातातच. माझ्या मते ही पळवाट आहे.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वेल्स आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला, लहान प्राण्यांना घाबरणाऱ्यांवरचा. अर्ध्या तासाची ईएफटी त्यात खोल श्वसनापेक्षा सरस ठरली. माणसं त्या प्राण्याच्या जास्त जवळ जाऊ लागली. नाडीच्या ठोक्यांत मात्र फरक नव्हता.

व्यावसायिक संघटनाही अशाच हेलकावल्या. थॉट फील्ड थेरपीच्या वर्गांना मानसशास्त्रज्ञांच्या पुढील शिक्षणात धरता येणार नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 1999 मध्ये बजावलं. 2012 मध्ये याच क्षेत्रातल्या एका संघटनेच्या अभ्यासक्रमांना तिथूनच मान्यता मिळाली.

शिसारीचा अभ्यास या सगळ्यापासून दूर, वेगळ्याच वाटेने चालला होता. 1986 मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी फळांच्या रसात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलं. त्यात जंतू नाहीत हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. ‘ओवळं’ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजवायला नको. त्यामुळेच शिसारीपुढे युक्तिवाद फारसा चालत नाही. ज्या गोष्टीचं भय वाटतं तिला हळूहळू सामोरं जाण्याच्या उपचारात भीती लवकर निवते, शिसारी मात्र मागे रेंगाळते, असंही पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं.

टॅपिंगमध्येही माणूस ती नकोशी गोष्ट मनात धरून ठेवतो, तिचं नाव घेतो, स्वतःला दोष न देता तिच्यापाशी थांबतो. गुण येत असेल तर तो बहुधा यातून येतो. पण टॅपिंगच्या बहुतेक प्रयोगांत मोजली गेली ती भीती, चिंता किंवा आघाताच्या आठवणी. झुरळावर टॅपिंग करून पाहणाऱ्याने म्हणून आकडे दोन लिहावेत, भीतीचा एक आणि शिसारीचा दुसरा. पहिला उतरला तरी दुसरा तिथेच असू शकतो.