सेलबर्नच्या पायवाटा

सेलबर्न हे इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशर काउंटीतले लहानसे खेडे. ऑल्टन या बाजारगावापासून दक्षिणेला सुमारे साडेसहा किलोमीटरवर, खडूच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी ते वसले आहे. २०१० साली घोषित झालेल्या साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात त्याचा समावेश होतो. गावाभोवती पायवाटांचे दाट जाळे आहे. त्यांतल्या काही वाटा डोंगरउतारावरच्या बीच वृक्षांच्या रानातून जातात, काही गायरानातून, काही खोल पाणंदींतून, तर काही ओढ्याकाठच्या कुरणांतून. अठराव्या शतकातील निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) याने जन्मभर याच वाटा तुडवल्या आणि जे दिसले ते मित्रांना पत्रांतून कळवले. त्या पत्रांचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गावाचे नाव जगभर गेले.

या वाटांवर चालताना पायाखालची जमीन फार लवकर बदलते, आणि सेलबर्नची खरी मौज त्यातच आहे. गावाच्या नैऋत्येला उभा असलेला डोंगर खडूचा. उबदार समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची कवचे तळाशी साचत जाऊन हा मऊ, पांढरा दगड तयार झाला. इथला खडू सुमारे दहा ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हापेक्षाही जुना. सह्याद्रीत चालणाऱ्याला इथे चटकन जाणवणारा फरक पाण्याचा आहे. बेसॉल्टवरून पाणी धावते, घळी-ओढे होतात; खडू मात्र पाणी पिऊन टाकतो. त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, आणि पायथ्याशी झरे. व्हाइटने गावाच्या टोकाच्या ‘वेल-हेड’ या बारमाही झऱ्याचे पाणी मोजून ठेवले आहे: १७८१ च्या सप्टेंबरात, कडक उन्हाळ्यानंतरही, तो मिनिटाला नऊ गॅलन पाणी देत होता.

गावाचा मुख्य रस्ता दोन जमिनींची सीमाच आहे. नैऋत्येकडच्या, डोंगराच्या बाजूच्या परसांत चिकट, जड माती. ईशान्येकडच्या बागांत ऊबदार, भुसभुशीत माती. त्या बाजूला खडूच्या खालचा ‘माम’ नावाचा फिकट दगड वर येतो. गावातली जुनी घरे याच दगडाची आहेत. भिंतींजवळ जाऊन पाहिले तर सांध्यांच्या चुन्यात तांबूस-काळ्या लोहयुक्त दगडाच्या मोठ्या खिळ्याच्या डोक्याएवढ्या चिपा ओळीने ठोकलेल्या दिसतात. भिंती खिळे मारून जोडल्या आहेत काय, असे परके लोक विचारत, असे व्हाइटने लिहून ठेवले आहे. आजही पाहणाऱ्याला तीच शंका येते.

डोंगराच्या गावाकडच्या उतारावर जे उभे रान आहे त्याला ‘हँगर’ म्हणतात. त्यातून वर जाणारी नागमोडी वाट, ‘झिगझॅग’, गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी १७५३ मध्ये खोदवली. वळणे आखूड आहेत, चढ खडा आहे, आणि प्रत्येक वळणावर खालची कौले थोडी अधिक दिसू लागतात. माथ्यावर एक मोठा उभा दगड आहे. खडू ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, म्हणून पावसानंतर या वाटेने उतरणे शहाणपणाचे नाही. उतरायला ‘बोस्टल’ बरी. ही तिरपी, सौम्य चढाची वाट व्हाइटच्या कुटुंबाने १७८० मध्ये करवून घेतली. बीचच्या दाट छायेमुळे तिथे खाली झुडपे फारशी वाढत नाहीत. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा आणि त्यातून डोके काढणारी राखी मुळे एवढेच पायाखाली असते. व्हाइटला सगळ्या वनवृक्षांत बीच सर्वांत देखणा वाटे. वसंतात पालवी फुटताना हे रान पाहिल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

माथा पसरट आहे. खडूवर इथे चकमकीच्या दगडांनी भरलेल्या चिकणमातीचा थर बसलेला आहे, त्यामुळे उतारावर जमीन कोरडी आणि माथ्यावर चिखल, असा उलटा प्रकार हिवाळ्यात दिसतो. हेच सेलबर्नचे गायरान. शतकानुशतके गावाची गुरे-मेंढरे इथे चरत. आता ते नॅशनल ट्रस्ट या संवर्धन संस्थेकडे आहे. असल्या जमिनीवर चराई थांबली की काटेरी झुडपे आणि मग झाडी मोकळी जागा गिळत जाते.

चर्चच्या मागून निघणारी वाट याहून अगदी वेगळी. आवारातल्या प्रचंड यू वृक्षाचा घेर व्हाइटच्या काळी २३ फूट होता. जानेवारी १९९० च्या वादळात तो उन्मळून पडला, त्याचे खोड अजून तिथे आहे. चर्चच्या उत्तरेला व्हाइटची कबर आहे: एक साधा दगड, त्यावर ‘जी. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख. पुढे कुरण उतरून ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला की ‘शॉर्ट लिथ’ आणि ‘लाँग लिथ’ हे झाडीचे उतार लागतात. व्हाइटच्या वेळी शॉर्ट लिथ हे दुपारचे ऊन खाणारे उघडे, खडकाळ माळरान होते आणि तिथे रानातल्या रातकिड्यांची बिळे होती. त्याने आधी कुदळीने खणून पाहिले, पण बीळ दगडाखाली जाई, नाहीतर खणताना किडा चिरडे. मग त्याने गवताची लवचीक काडी बिळात हळूच सरकवली. काडी वळणे घेत तळाशी पोचे आणि किडा इजा न होता बाहेर येई. निरीक्षणासाठी जीव मारू नये, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी सर्रास नव्हती. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन वटवटे (लहान गाणारे पक्षी) त्याने मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले, तेही याच परिसरात हिंडताना. लिथच्या पुढे वाट जुन्या मठाच्या जागेकडे जाते. विंचेस्टरचा बिशप पीटर दे रोश याने तो १२३३ मध्ये स्थापला होता.

पाणंदींबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ऑल्टनकडे आणि वुल्मरच्या रानाकडे जाणारे जुने गाडीरस्ते मऊ दगडात शतकानुशतकांच्या रहदारीने आणि पावसाच्या पाण्याने झिजत गेले. व्हाइटने लिहिले तेव्हा ते काही ठिकाणी शेतांच्या पातळीपेक्षा १६ ते १८ फूट खाली गेले होते. दोन्ही बाजूंना दगडाचे थर उघडे पडलेले, त्यांतून वळवळत खाली आलेली मुळे, थंडीत लोंबणारे बर्फाचे सुळके. वरच्या वाटेवरून डोकावताना बायका घाबरत आणि भित्रे घोडेस्वार आतून जाताना शहारत, असे तो सांगतो. आपल्याकडच्या पाणंदी पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

गावाच्या दक्षिणेला नोअर हिल आहे, आणि वेळ कमी असेल तर झिगझॅगनंतर इथेच जावे. मध्ययुगात शेतांत टाकण्यासाठी इथून खडू काढत; त्या खाणींचे खड्डे आणि उंचवटे आता बुटक्या गवताने झाकलेले आहेत. कस नसलेल्या, उथळ मातीत गवत माजत नाही, म्हणूनच नाजूक रानफुलांना जागा मिळते. मस्क ऑर्किड हे इवलेसे हिरवट-पिवळे ऑर्किड पाहायला लोक मुद्दाम येतात. वसंतात काउस्लिपची पिवळी फुले असतात. ‘ड्यूक ऑफ बर्गंडी’ या दुर्मीळ होत चाललेल्या फुलपाखराच्या अळ्या त्याच वनस्पतीची पाने खातात. याच टेकडीच्या परिसरातून निघणारे पाणी दोन समुद्रांना मिळते, हेही व्हाइटने टिपले आहे: एक प्रवाह आरुन नदीवाटे इंग्लिश खाडीला, दुसरा वे आणि टेम्स यांच्यावाटे उत्तर समुद्राला.

यांतल्या कित्येक वाटा खासगी शेतांतून जातात, तरी त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नकाशांवर नोंद करणे बंधनकारक झाले. २००० च्या कायद्याने नोंदणीकृत गायराने आणि नकाशावर दाखवलेल्या मोकळ्या माळांवर वाट सोडूनही हिंडण्याची मुभा दिली. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे केवळ पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. कुंपण आले की लाकडी पायरी किंवा माणूसच जाऊ शकेल असे फाटक असते. गुरांचे फाटक उघडले तर मागे लावून घ्यायचे.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून रेल्वेने ऑल्टनपर्यंत येता येते. तिथूनच ‘हँगर्स वे’ ही सुमारे ३४ किलोमीटरची पदभ्रमणवाट सुरू होते. ती सेलबर्न गावातून, पुढे अशाच झाडीच्या उतारांवरून पीटर्सफील्डमार्गे क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कपर्यंत जाते. व्हाइटचे ‘द वेक्स’ हे राहते घर आता संग्रहालय आहे. त्याच्या मागच्या बागेतून हँगर थेट समोर दिसतो, तेव्हा चढायला लागण्यापूर्वी डोंगर नीट पाहून घ्यायचा असेल तर आधी तिथे जावे.