टेन्शन (शब्द)

टेन्शन हा मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द. वाच्यार्थ : ओढून धरल्याने दोरीत, तारेत किंवा धाग्यात येणारा ताण. लक्ष्यार्थ : काळजी, धास्ती, डोक्याला घोर. मराठी बोलण्यात बहुतेक ठिकाणी दुसराच अर्थ उरला आहे. सोलापुरात मात्र यंत्रमागामुळे पहिलाही जिवंत आहे.

मागावर उभ्या धाग्यांचा बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, मागच्या बाजूला असतो. साध्या मागात बीमच्या टोकाला साखळी किंवा दोर गुंडाळून त्याला वजन टांगतात. बीम सहज फिरू नये, एवढाच त्याचा उद्देश. धागे फार ताणले तर पटापट तुटतात. ढिले राहिले तर वरचे-खालचे धागे नीट फाकत नाहीत आणि आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकतो. शिवाय बीम रिकामा होत जातो तसा त्याचा घेर घटतो आणि तेच वजन धाग्यांना जास्त ओढू लागते, म्हणून वजन अधूनमधून सरकवावे लागते. जाणता कामगार ताणलेल्या धाग्यांवर नुसता तळवा दाबतो आणि सांगतो, ‘टेन्शन जास्त झालंय.’

टॉवेलची गंमत याहून वेगळी. तिथे एकाच मागावर दोन बीम असतात, एक कडक आणि एक सैल. आडवे धागे ठोकून बसवणारी फणी पहिले दोन धागे पूर्ण न ठोकता थोडे अलीकडे सोडते आणि तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे रेटते. कडक धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे मात्र रेटले जाऊन दुमडतात आणि त्यांचे लूप उभे राहतात. टॉवेलचा मऊपणा म्हणजे मोजून दिलेला ढिलेपणाच. सोलापुरी चादरीबरोबर इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘ताणणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृत ‘तन्’ त्याच कुळातला. तंतू, तनू, गवयाची तान आणि आपला ताण ही सगळी त्याचीच भावंडे. ‘तंत्र’ म्हणजेही आधी मागच. शब्द परका दिसतो, पण नात्याने चुलत भाऊ आहे.

विजेत टेन्शन म्हणजे व्होल्टेज. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, उरलेल्या देशाशी एक झाले. लोक अशा तारांना ‘हायटेन्शन’ म्हणतात. वीज खात्याच्या मराठीत त्या ‘उच्चदाब’ होतात. इथे ताणाचा दाब का केला, ते भाषांतरकारालाच ठाऊक.

लाक्षणिक वापरात मराठीने शब्दाला आपली क्रियापदे दिली : टेन्शन येते, देतात, घेतात. ‘टेन्शन कशाला घेतो बे?’ हा खास सोलापुरी दिलासा. इंग्रज माणूस टेन्शन ‘घेत’ नाही. त्याच्याकडे ते बहुधा दोन माणसांत किंवा दोन देशांत असते. त्या अर्थाला आपली वर्तमानपत्रे ‘तणाव’ वापरतात, म्हणूनच ‘तणावपूर्ण शांतता’. आणि ‘ताणून देणे’ म्हणजे मराठीत निवांत झोपणे, जिथे टेन्शनचा लवलेश नाही.

एका जागी मात्र या शब्दाला शिरकाव नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे डाळिंबाची बाग बहार धरण्याआधी ‘ताणावर सोडतात’, म्हणजे पाणी तोडतात. पाने पिवळी पडून गळतात, मग पाणी देऊन ‘ताण तोडतात’ आणि नव्या फुटीबरोबर कळी निघते. बागेला टेन्शन दिले, असे कोणी म्हणत नाही. ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर बागेचा ताण मोडतो आणि टेन्शन मालकाला येते.