नागपूरची मिमिक्री: ऑर्केस्ट्रा, रेडिओ आणि स्टँड-अप

१९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी दोन्ही इथे घरच्याच, म्हणून इथला नकलाकार एका दमात हिंदी सिनेमातल्या राजकुमारचा आवाजही काढतो आणि 'काऊन बे' म्हणणारा पानठेलेवालाही. दोन भाषांची ही सवय त्याचं खरं भांडवल.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांत, चेहरा नसतो, सगळं आवाजावर. स्टेजवर मात्र मिमिक्री बरीच वर्षं ऑर्केस्ट्रातल्या दोन गाण्यांमधली जागा भरायचं काम करत होती. जॉनी लिव्हर कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतूनच पुढे आला. २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' हिंगणघाटच्या सुनील पालने जिंकलं आणि विदर्भातल्या पोरांना हाही धंदा होऊ शकतो हे दिसलं. त्याच वर्षी खासगी एफएमच्या दुसऱ्या टप्प्याचं धोरण आलं. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, म्हणजे गाणी आणि गप्पा. त्या गप्पांत नकला हव्याच होत्या.

रेडिओवरची नकल मिनिटा-दीड मिनिटात संपते. नवखे फक्त पट्टी पकडतात. माणूस ओळखू येतो तो वेग, श्वास तोडायची जागा आणि खाल्लेली अक्षरं यांवरून. हातवारे दिसत नसल्याने समोरच्या पात्राने पहिल्याच वाक्यात नाव घ्यावं: 'नाना, तुम्ही इकडे कुठे?' माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या जरा बाजूला ठेवावा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' चे फटके बसतात. दोन पात्रं वेगवेगळी रेकॉर्ड करून जोडली की संवाद मेलेला वाटतो, कारण कोणी कोणाचं बोलणं तोडत नाही. खरखरीत आवाज शेवटी घ्यावेत. त्यात गळा आवळला जातो आणि नंतरचे आवाज बसतात.

स्टँड-अपला हेच पुरत नाही. आवाज ओळखल्याचं हसू एकदाच येतं, तेही पहिल्या ओळीला. आवाजांची यादी तीन-चार मिनिटांत संपते, मग प्रसंग लागतो: राजकुमार सीताबर्डीवर तर्री-पोह्यांची तर्री कमी पडली म्हणून भांडतोय. इथे वऱ्हाडी ठसक्यात उत्तर देणारा पोहेवाला राजकुमारपेक्षा जास्त हशा घेतो, आणि तो आवाज कुठून उसना आणलेला नसतो.

जाहिरातींचं मात्र सांभाळावं. अमिताभ बच्चन (२०२२) आणि अनिल कपूर (२०२३) यांच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला अंतरिम मनाई केली. कपूर यांच्या आदेशात व्यंग आणि टीकेला जागा ठेवली आहे, पण साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत काढलेला बच्चन त्यात बसवणं कठीण.