इंग्रजी अध्यापनातील तंत्रसाधने (सातारा व सांगली जिल्हे)

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ऐकवणे, त्यांच्याकडून ते बोलून घेणे आणि सराव तपासणे यांसाठी शिक्षक वापरतात ती ध्वनी, चित्रफीत व संगणकीय साधने. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. अक्षरे आणि शब्दार्थ फळ्यावर शिकवता येतात. उच्चार मात्र कानावर पडावे लागतात, आणि माण-खटाव किंवा शिराळ्याच्या गावात ते शाळेबाहेर क्वचितच पडतात. त्यामुळे या भागात साधनांचे खरे काम ऐकवण्याचे व बोलते करण्याचे आहे. नुसते चित्र दाखवणाऱ्या पडद्याचा उपयोग मर्यादित.

या दृष्टीने जुना रेडिओ आजही कमी लेखण्याजोगा नाही. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून चालू आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेची ‘वुई लर्न इंग्लिश’ ही मालिका आकाशवाणीने राज्यातील शाळांसाठी प्रसारित केली. अशा संवादी पाठात निवेदक प्रश्न विचारून थांबतो आणि त्या मोकळ्या वेळात वर्ग उत्तर देतो. बालचित्रवाणीच्या (स्थापना १९८४) शैक्षणिक चित्रफितींत ही सोय नव्हती. मुले पाहत बसत.

२०१७ मध्ये दीक्षा हे डिजिटल शालेय साहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. पुस्तकाला कोड जोडण्याचा प्रयोग शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच केला होता; २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. वर्गातली रीत साधी असते. बाई कोड स्कॅन करतात, मोबाईल ब्लूटूथ स्पीकरला जोडतात, एक वाक्य ऐकवतात, थांबवतात, मुलांकडून म्हणून घेतात आणि तेच पुन्हा लावतात. सगळी फीत एका दमात ऐकवली की त्याचे गाणे होते: चाल पाठ, शब्द गुळमुळीत.

चुकाही ठरलेल्या. बोलताना मराठीत इ-ई यांतला फरक फारसा राखला जात नाही, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होतात. ‘व्हेरी’तला ओठ-दातांचा आणि ‘वेट’मधला ओठांचा, हे दोन्ही उच्चार एका ‘व’मध्ये जातात. ‘स्टॉप’चा ‘इष्टाप’ होतो. आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज मूळ ध्वनिफितीनंतर लगेच ऐकवला तर हे फरक मुलाला सांगावे लागत नाहीत. मोबाईलचा सर्वांत मोलाचा उपयोग बहुधा हाच, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

२०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत वर्ग व्हॉट्सॲपवर आले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागू लागली. तेव्हापासून वाचन रेकॉर्ड करून गटावर टाकण्याचा गृहपाठ रूढ झाला. अडचण घरातल्या एकुलत्या फोनची: तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रानात किंवा ऊसवाहतुकीवर. अशा घरातले वाचन रात्रीच यायचे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे तर २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. तिथे असा गृहपाठ साडेआठनंतरचाच.

साधनातल्या सूचना कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मातृभाषेतील वाचन-लेखन पक्के करण्यावर भर दिला. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ मध्ये सुरू झाली. मराठी अस्खलित वाचणारे मूल ॲपमधली सूचना स्वतः वाचून पुढे जाते, अडखळणाऱ्याला शेजारी मोठे माणूस लागते. जत तालुक्याच्या सीमाभागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलाला इंग्रजीचा मराठीतून समजावलेला व्हिडिओ म्हणजे एकाच वेळी दोन परक्या भाषा.

गूगलने २०१९ मध्ये आणलेले ‘बोलो’ (नंतर ‘रीड अलाँग’) हे ॲप मुलाचे मोठ्याने केलेले वाचन ऐकते आणि अडलेला शब्द म्हणून दाखवते. शिक्षकाला एकेकाचे वाचन घ्यायला वेळ नसतो, तिथे ते उपयोगी. पण दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसत असतील तर माइक शेजारच्याचे पाढेही टिपतो, आणि पाटण-महाबळेश्वरकडे आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की त्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून वाचणाऱ्या मुलाला वेगळे बसवावे लागते, नाहीतर हा सराव दिवाळीनंतरच्या सत्रात घ्यावा लागतो.