विरळ संवेदक मांडणी

तरंग कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यासाठी अँटेना, मायक्रोफोन यांसारखे मोजकेच संवेदक मुद्दाम असमान अंतरांवर बसवणे, म्हणजे विरळ संवेदक मांडणी.

समान अंतराच्या रांगेत शेजारच्या संवेदकांमध्ये अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त अंतर ठेवले, तर वेगवेगळ्या दिशांनी आलेले तरंग एकसारखे दिसू शकतात. दुसरीकडे, दिशा बारकाईने ओळखायची तर रांग लांब हवी. दोन्ही साधायचे म्हणजे संवेदक वाढले आणि खर्चही.

यावरचा तोडगा सुंदर आहे. अनेक पद्धतींत माहिती मिळते ती संवेदकांच्या जोड्यांमधून, त्यामुळे महत्त्व जागांपेक्षा त्यांच्यातील अंतरांना येते. दर अर्ध्या तरंगलांबीला एक खूण असलेल्या पट्टीवर 0, 1, 4 आणि 6 या खुणांवर चार संवेदक ठेवून वजाबाक्या करून पाहाव्यात: 1 ते 6 हे प्रत्येक अंतर एकदाच मिळते. चौघांत सातांचे काम होते. पाच संवेदकांना मात्र मधले एकही अंतर न गाळता अशी बिनपुनरुक्तीची मांडणी जमत नाही. 0, 1, 4, 7, 9 मध्ये 3 हे अंतर दोनदा येतेच. ॲलन मॉफेट यांनी 1968 मध्ये अशा कमीत कमी पुनरुक्तीच्या रांगांचा अभ्यास मांडला. त्यांना सरळ सूत्र नाही, शोधूनच काढाव्या लागतात. पिया पाल आणि पी. पी. वैद्यनाथन यांच्या 2010 च्या नेस्टेड रांगेने ही अडचण दूर केली: आधी दाट तुकडा, पुढे विरळ तुकडा. 1, 2, 3, 4, 8, 12 या सहा जागांतून 1 ते 11 सगळी अंतरे मिळतात. स्रोतांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर संवेदकांपेक्षा जास्त स्रोतही ओळखता येतात.

पुनरुक्तीला उधळपट्टी समजू नये. वरच्या चारांतला 4 वरचा संवेदक बंद पडला, तर 2, 3 आणि 4 ही तिन्ही अंतरे एकदम जातात.

प्रत्यक्षातले भव्य उदाहरण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये विखुरल्या आहेत, 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत सुमारे 25 किलोमीटर अंतर. जवळच्या जोड्या आकाशातील पसरट, अंधुक ढग टिपतात, लांबच्या बारीक तपशील. एकूण जोड्या 435. शिवाय पृथ्वी फिरते तशी आकाशातून दिसणारी प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते, आणि काही तासांच्या निरीक्षणात मधल्या बऱ्याच रिकाम्या जागा भरून निघतात.