उमेदवारासाठी पदरचे पैसे खर्च करायचे आहेत? इंदूरकरांसाठी परवानगी, कागदपत्रे आणि अडचणी

चौकात चार लोकांत ‘अमक्याला मत द्या’ म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही. तेच वाक्य पत्रकावर छापलं, फ्लेक्सवर लावलं किंवा त्यासाठी सभा घेतली, की खर्चाचा प्रश्न येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 नुसार, उमेदवार निवडून यावा म्हणून सभा, जाहिरात, पत्रक यांवर त्याच्या लेखी अधिकाराशिवाय खर्च करणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सवलत एवढीच: खर्च 10 रुपयांच्या आत असावा आणि 10 दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणावी. दहा रुपयांत राजवाड्यावर पोह्यांची प्लेटसुद्धा येत नाही, पण कायद्यातला आकडा अजून तोच आहे.

हे बंधन येतं खर्चमर्यादेतून. 2022 पासून मध्य प्रदेशात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांची मर्यादा आहे. चाहत्यांचा खर्च हिशेबाबाहेर राहिला तर ती कागदावरच उरते. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून पक्षाचा आणि समर्थकांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला. ती पळवाट 2003 मध्ये बरीचशी बुजवली गेली. पक्षाला स्वतःच्या सर्वसाधारण प्रचाराचा हिशेब द्यावा लागतो, पण त्यावर मर्यादा आजही नाही. दोन हजारांची पत्रकं काढणाऱ्याला चिठ्ठी मागायची आणि पक्षाला हात मोकळा, हे आम्हाला तरी पटत नाही.

खर्च करणारा भारतीय नागरिक असावा. सरकारी नोकराने या भानगडीत पडू नये. मंदिर किंवा देवस्थानाचा निधी आणि जागा राजकीय कामासाठी वापरायला 1988 च्या कायद्याने बंदी आहे. मंडळाचा पैसा देवस्थानाच्या खात्यातून येत असेल, तर पदाधिकाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं.

परवानगीचं पत्र साध्या कागदावर चालतं. त्यात तुमचं नाव-पत्ता, कामाचं स्वरूप, नग, अंदाजे रक्कम, तारखा आणि खाली उमेदवाराची सही हवी. तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक उमेदवाराच्या हिशेबनिसाकडे, एक छापखान्यात. पत्राची तारीख बिलाच्या आधीची असावी. गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे रक्कम उमेदवाराच्या निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यात चेकने किंवा ऑनलाइन भरणं आणि बिल त्याला चुकतं करू देणं. रोख द्यायचीच असेल, तर एका व्यक्तीकडून संपूर्ण निवडणुकीत मिळून 10,000 रुपयांपर्यंतच.

छपाईला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-क लागू होतं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. प्रकाशकाने म्हणजे पत्रक काढणाऱ्याने सही केलेलं घोषणापत्र मुद्रकाला दोन प्रतींत द्यायचं, त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीच्या सह्या. मुद्रक त्याची एक प्रत पत्रकासह कलेक्टर कार्यालयात पाठवतो. चूक झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झेरॉक्सही छपाईतच धरली जाते. सुटतात फक्त हाताने उतरवलेल्या प्रती. नुसती सभेची वेळ आणि जागा कळवणारं पत्रकही सुटतं.

कुणाच्या विरोधात लिहायचं असेल तर? कलम 176 उमेदवाराला निवडून आणण्यासाठीच्या खर्चाबद्दल आहे, त्यामुळे टीकेच्या पत्रकाला त्या उमेदवाराची परवानगी लागत नाही. पण 127-क मध्ये ‘पाडण्यासाठी’ वाटलेलं पत्रकही येतं, म्हणून नाव-पत्ता तिथेही छापायचाच. 2024 च्या लोकसभेला इंदुरात नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली. नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’) हा उमेदवार नाही, त्यामुळे त्याच्या पत्रकासाठी परवानगी मागायची कुणाकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. मुद्रक-प्रकाशकाचं नाव मात्र टाकलेलं बरं.

टीव्ही, रेडिओ, सोशल मीडियाची सशुल्क जाहिरात किंवा बल्क एसएमएस असेल तर आधी माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. उमेदवार आणि नोंदणीकृत पक्षांनी तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता (जाहिरातीतला लिखित मजकूर). इतरांना शपथेवर लिहून द्यावं लागतं की जाहिरात कुठल्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही. म्हणजे आवडत्या उमेदवाराची टीव्ही जाहिरात स्वतःच्या नावाने देताच येत नाही. जाहिरात मराठीत असेल तर संहितेला हिंदी भाषांतर जोडा, शंका कमी निघतात.

फ्लेक्ससाठी घरमालकाची लेखी संमती घ्या. ती नसेल तर मध्य प्रदेशच्या 1994 च्या संपत्ती विरूपण कायद्याने 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे. हिशेब मापावर होतो: 10 बाय 8 चा फलक म्हणजे 80 चौरस फूट, गुणिले जिल्ह्याच्या दरपत्रकातला दर. ओळखीच्याने फुकट छापून दिला तरी तेवढी रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. बिलावर ‘फ्लेक्स छपाई, एकूण’ असं मोघम लिहून घेऊ नका; माप, नग, दर वेगवेगळे हवेत, नाहीतर खर्च निरीक्षकांच्या छाया नोंदवहीशी (उमेदवाराच्या खर्चाची त्यांनी वेगळी ठेवलेली नोंद) आकडे जुळत नाहीत.

उमेदवाराला निकालापासून 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि त्याचे आकडे त्या नोंदवहीशी जुळवून पाहण्याची ताळमेळाची बैठक 26 व्या दिवशी असते. तुमचं मूळ बिल आणि परवानगीपत्राची प्रत मतदानाच्या आठवड्यातच पोचती करा आणि हिशेबनिसाकडून पोच घ्या.